सावंतकाकांचा बिनखटक्याचा गिअर

किस्से कुणी जमवत नाही, ते लागतात. पँटच्या उजव्या पायाला चेनचं काळं ग्रीस लागतं ना, तसे. कधी लागलं ते कळत नाही आणि घरी आल्यावर बायको विचारते, "आता हे कुठून आणलंत?" आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचं अगदी असंच झालं.

ग्रुप म्हणजे किती? तीन माणसं! नव्वदीची मधली वर्षं. वाशीतल्या आमच्या सोसायट्या नव्या, रस्ते रुंद आणि रविवारी सकाळी रिकामे. सावंतकाका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, तीस वर्षं कॉम्प्रेसर रूममध्ये काढलेली. कुलकर्णी वजनमापं तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर. काट्यात केसाएवढा फरक दिसला तरी शिक्का मारायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती. मी वयानं लहान, म्हणजे पंक्चर काढायला मी.

काकांची सायकल जुनी, परदेशी. मेव्हणा जहाजावर होता, त्यानं आणलेली. गिअरच्या दोन दांड्या खाली, तिरक्या नळीवर. त्यांना खटका नाही. रेडिओचं स्टेशन लावतात तशी दांडी थोडी पुढे, थोडी मागे करायची आणि चेनची खरखर थांबली की समजायचं, गिअर पडला. कुलकर्ण्यांची सायकल नवीकोरी, खटक्याची. एक खटका, एक गिअर. आकडेसुद्धा छापलेले!

या दोन सायकली शेजारी शेजारी चालल्या की भांडण ठरलेलं.

* * *

पहिल्याच रविवारी कुलकर्ण्यांनी विचारलं, "सावंत, तुम्ही आत्ता कितव्या गिअरमध्ये आहात?"

"चढाच्या."

"म्हणजे कितव्या?"

"चढ कितवा ता आधी सांग, मगे गिअर सांगतंय!"

कुलकर्ण्यांनी पुढचे चार किलोमीटर स्वतःच्या दांडीवरचे आकडे तपासले. मग म्हणाले, "हे अंदाजपंचे आहे. आमच्या खात्यात चालणार नाही."

* * *

महिन्याभरानं कुलकर्ण्यांची सायकल बिघडली. दांडी तिसऱ्या आकड्यावर आणि चेन दुसऱ्या चक्रावर! चेन मधेच उडी मारायची, की कुलकर्णीही सीटवरून उडी मारायचे.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दुसऱ्यात आहात."

"मी तिसऱ्यातच आहे!" ते दांडीवरचा आकडा दाखवत म्हणाले. "चेन चुकतेय!"

शेवटी तळवलीला गेलो. तिथे गावात शिरताना दामू मढवीचं सायकलचं दुकान होतं. दामू तिथलाच, आगरी, बोलायला एकदम रोखठोक. त्यानं मागच्या चाकाजवळचा एक छोटा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि सायकल परत दिली.

"झालं?" कुलकर्णी म्हणाले. "एवढंच?"

"तार ढिली झालेली. नवी तार ताणतेच."

"मग घेतली तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तवा तुमी मना गिअरचं लेक्चर देत व्हते, सायेब!"

काका एवढे हसले की चहा नाकात गेला.

* * *

एकदा मला काकांची सायकल चालवायची हौस आली. बेलापूरला पारसिकचा चढ घेतला. मी सगळा वेळ हँडल घट्ट धरून. दांडीला हात लावायला हँडल सोडावं लागतं आणि ते धैर्य माझ्यात नव्हतं. तरी गंमत अशी की जसजसा चढ वाढला तसतसे पाय हलके होत गेले. मी कुलकर्ण्यांच्या आधी वर!

खरं काय घडलं, ते मला वर गेल्यावर कळलं. मी उभा राहून पॅडल मारत होतो आणि दर वेळी गुडघा दांडीला लागून ती थोडी थोडी मागे सरकत होती.

कुलकर्णी धापा टाकत आले. "कितव्या गिअरमध्ये चढलास रे?"

"माझ्या गुडघ्याला विचारा!"

* * *

दामूकडे स्वतःची गिअरची सायकल नव्हती. काळी, जुनी, दुधवाल्याकडे असते तशी होती. एका रविवारी उरण रोडला आम्ही तिघं थांबून वाद घालत होतो. समोर वारा आहे तर कुठला गिअर बरा? काका म्हणाले, दोनाच्या आणि तिनाच्या मधला. कुलकर्णी म्हणाले, मधला असा गिअर जगात अस्तित्वात नाही.

तेवढ्यात मागून दामू आला. कॅरिअरवर दोन टायर, हँडलला सुक्या बोंबलाची पिशवी, त्याच वाऱ्यात, ताठ.

"तुमचं ठरला का सांगा," जाता जाता ओरडला, "मी पुढं हाय!"

जासईला पोचलो तेव्हा त्याचा दुसरा चहा चालला होता.

* * *

आता जरा वेगळं. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

वर्षभर काकांची चेन खरखरत होती. आम्ही मागून ऐकायचो आणि हसायचो. "काकांचं स्टेशन लागत नाही आज!" असं मीच म्हणायचो. काका गिअर टाकताना मान खाली घालून कान चेनकडे न्यायचे. आम्हाला वाटायचं, स्टाइल आहे.

जासईजवळ कंटेनर यार्डाच्या वळणावर ते असेच मान खाली घालून चालले होते. समोरून न्हावा शेवाकडे जाणारा ट्रेलर आला. हॉर्नवर हॉर्न. आम्ही दोघंही ओरडलो. काकांनी मान वर केली ती ट्रेलरच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारल्यानंतर! दोघांमध्ये फार तर हातभर अंतर. ड्रायव्हरनं खाली उतरून जे काय सुनावलं, ते सगळं काका शांतपणे बघत होते. बघत होते म्हणतो मी.

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पण एक हां, हल्ली चेन कशी एकदम गप चलता!"

कुलकर्ण्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. कॉम्प्रेसरनं तीस वर्षांत काय नेलं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

* * *

काकींना सगळं कळलं आणि त्यांनी सायकल बंद केली. बंद म्हणजे बंद! गॅलरीत उलटी करून तिच्यावर चादरी वाळत घालायला लागल्या. काका रविवारी सकाळी त्या चादरींच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. आम्ही खालून हात करायचो. ते हात करायचे नाहीत. मी तर त्या बिल्डिंगकडे बघणंच सोडलं, इतकं वाईट वाटायचं.

तिसऱ्या रविवारी कुलकर्णी वर गेले. "वहिनी, दोष सायकलीचा नाही, बिनखटक्याच्या दांडीचा आहे. ऐकायला म्हणून मान खाली जाते. खटक्याची दांडी बसवू. ऐकायची गरजच नाही! आणि मी कायम मागे राहीन. गाडी आली तर शिट्टी फुंकेन."

"त्यांना शिट्टी ऐकू येईल, भाऊजी?"

"नाही आली तर पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला दाबेन."

काकी म्हणाल्या, "खटके बरोबर पडतात असं तुम्ही सांगत असाल, तोवरच. ज्या दिवशी तुम्ही नाही म्हणाल, त्या दिवशी सायकल भंगारात."

कुलकर्ण्यांनी मुंबईत हिंडून दांडी शोधली. दामूनं ती बसवली, मागची दातेरी चक्रंही बदलली. काकांनी तोंड वाकडं केलं, पण सायकल सुरू झाली!

आणि काय सांगू! काका मान ताठ ठेवून चालवायला लागले. चेनची खरखर बंद. दर गिअरला स्वच्छ "टक्!" कुलकर्णी दहा फूट मागे असूनही त्यांना ऐकू जायचं. "बघ," ते मला म्हणायचे, "याला म्हणतात खटका! माझ्यापेक्षा दणदणीत पडतो!" ते मात्र खरं होतं. त्यांच्या स्वतःच्या सायकलीचा खटका मला शेजारून जातानाही ऐकू येत नसे.

दर रविवारी निघताना काकी गॅलरीतून विचारायच्या, "भाऊजी, खटके नीट?" कुलकर्णी खालून अंगठा दाखवायचे.

सहा महिन्यांनी सायकल ऑइलिंगला तळवलीला नेली. काका समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. दामूनं दांडी हातात धरली आणि आम्हाला जवळ बोलावलं. दांडीच्या बुडाशी एक छोटी कडी असते. इकडे फिरवली की खटके चालू, तिकडे फिरवली की बंद, दांडी पूर्वीसारखी मोकळी. कडी बंदवर होती.

"आज फिरली असेल," कुलकर्णी म्हणाले.

"कसली आज! गंज बगा तिच्यावर. काकांनी पयल्या दिसापासून तिथंच ठेवलीय."

"अरे, पण मी स्वतः ऐकलंय! दर गिअरला!"

दामूनं दांडी पुढे-मागे केली. काही आवाज नाही. मग त्यानं जीभ टाळूला लावली.

"टक्!"

कुलकर्णी दुकानातल्या स्टुलावर बसले.

"काका तोंडानं करतात," दामू म्हणाला. "त्यांना सोताला ऐकू येत नाय ना, म्हनून जरा मोठा होतो."

"आणि गिअर? ते कसे बरोबर पडतात?"

"चेन घासली का दांडी बोटाला थरथरते. कानावर होते तवर बोटाकडं लक्ष नव्हता. आता मान वर हाय, चेन गप हाय. अजून काय पायजे तुमाला?"

कुलकर्ण्यांनी कडीला हात लावला. अर्धी फिरवली. समोर काका तीन ग्लास हातात धरून, रस्ता दोन्ही बाजूंनी नीट बघून, पलीकडून येत होते. कुलकर्ण्यांनी कडी होती तिथे परत नेली आणि रुमालानं हात पुसले.

पुढच्या रविवारी आम्ही बिल्डिंगखाली उभे. काकी गॅलरीत आल्या. या वेळी अंगठ्यावर भागलं नाही.

"भाऊजी, मागे सर्व्हिसिंगला नेली होती ना? खटके तपासले?"

मी चपलेकडे बघत राहिलो. आयुष्यात एकाही खोट्या काट्यावर शिक्का न मारलेला माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्यानं वर बघून सांगितलं.

"वहिनी, मी स्वतः तपासलेत. एकही खटका चुकत नाही!"

काकींचा चेहरा सैल झाला. काकांना वरचं काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांना तो चेहरा दिसला. ते खूश झाले, सायकलवर टांग टाकली, एक पाय अजून जमिनीवर.

"टक्!"

डावा हात हँडलवर होता, उजवा अजून काकींना टाटा करत होता.