दोनदा हात आपटला की सोडायचं

आमच्या दादाला एका गिऱ्हाइकानं भर दुपारी, चष्म्याच्या दुकानात, आरशानं मारलं. तिघं नव्हते, एकटा होता. सुरा नव्हता, आरसा होता. आणि दादाचा पाय वगैरे काही घसरला नव्हता. बाहेर काय काय उठलंय ते माझ्या कानावर आलंय, म्हणून आधीच सांगून टाकते. मी तिथंच होते, काउंटरमागे, हातात काचा पुसायचं फडकं घेऊन.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. काचा घासणं हा त्याचा धंदा. नंबरचा कागद आला की गोल काच फ्रेमच्या मापाला घासायची, कडा मोडायची आणि खोबणीत बसवायची. केसभर जास्त घासली की काच गेली वाया. तो आत मशीनवर, मी बाहेर गिऱ्हाइकांपुढे, अशी आमची वाटणी. दिसायला किडकिडीत, कानावर पेन्सिल, बोलणं औषधापुरतं. रस्त्यात कुणी याला धक्का दिला तर हाच 'सॉरी' म्हणणार. असल्या माणसाकडे कराटेचा काळा पट्टा आहे म्हटलं की लोक आधी हसतात, आणि मग जरा सावरून बसतात.

एकतीस वर्षं तो आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये कराटे शिकवतो. तिथं याच माणसाला असा काही आवाज फुटतो की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आत येताना वाकायचं, जोडीदारापुढे वाकायचं, डाव संपला की पुन्हा वाकायचं, नजर जमिनीवर. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की समोरच्यानं दोनदा हात आपटला, मग तो चटईवर असो, मांडीवर असो, कुठंही असो, की त्या क्षणी सोडायचं. विचार करत बसायचं नाही. एकदा त्याच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं जोडीदारानं हात आपटल्यावरही क्षणभर पकड ठेवली. दादानं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवला. आईबाप दोनदा येऊन विनवून गेले, पण हा ढिम्म हलला नाही. "एकतीस वर्षांत माझ्या हॉलमध्ये कुणाचं बोटसुद्धा मोडलेलं नाही," हे तो इतक्या वेळा सांगायचा की शेवटी शेवटी वहिनीच ते वाक्य पुरं करायची.

त्याची एकुलती एक लेक, माझी भाची, म्हणजे भिंगरी. एका जागी कधी बसली नाही म्हणून भिंगरी. सहाव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली शिकली. घरात 'बाबा' आणि हॉलमध्ये 'सर', त्यात कधी चूक नाही. पुढे नर्स झाली, आणि आता तिला घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या पट्ट्या बदलायचं काम लागलं. कामावर रुजू होताना एक फॉर्म भरायचा होता: एकटी जाणार की जोडीनं?

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "अनोळखी घर, दार आतून लावलेलं, आणि ही एकटी? अहो, काही बोला की!"

दादा बोलला, तेच चुकलं. म्हणाला, "काळा पट्टा मी दिलाय तिला. बाप म्हणून नाही, सर म्हणून. जाऊ दे एकटीला."

भिंगरीनं 'एकटी'वर खूण केली. पुढच्या सोमवारपासून जायचं होतं. ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी तो माणूस दुकानात आला.

त्याला आम्ही नवा बायफोकल करून दिला होता. पहिल्यांदा घालणाऱ्याला पायऱ्या नीट दिसत नाहीत, हे मी त्याला दोनदा बजावलं होतं. तरी तो जिन्यावरून पडला होता आणि तिळपापड होऊन आला होता. चष्मा काउंटरवर फेकला, माझी आई, माझं खानदान, सगळं काढलं. आवाज ऐकून दादा बाहेर आला. "बसा, बघून देतो," एवढंच म्हणाला. त्या माणसानं काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली.

आता खरं सांगायचं तर पुढचं मला दिसलंसुद्धा नाही, इतकं झटपट झालं. कॉलरवरचा हात दादानं तिथंच दाबला, मनगट पिळलं, आणि तो आडदांड माणूस काचेच्या काउंटरवर गाल टेकवून ओणवा! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. एकतीस वर्षांनी का होईना, भावाचा डाव डोळ्यांनी बघायला मिळाला. तो माणूस कळवळला, आणि त्यानं मोकळ्या हातानं काचेवर दोनदा थाप मारली. दुखतं तेव्हा कुणीही मारेल तशी.

आणि दादानं हात सोडला.

नुसता सोडला नाही. एक पाऊल मागे गेला, टाचा जुळवल्या आणि वाकला! नजर जमिनीवर. अरे देवा! काउंटरवर फ्रेम घालून बघायचा आरसा असतो, खाली बिडाचं जड बूड असलेला. त्या माणसानं तो उचलला आणि वाकलेल्या दादाच्या खांद्यावर हाणला. दादा कोलमडून मागे पडला.

मी ओरडले. माझ्यात एवढा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेजारचा बुटांचा दुकानवाला हातात बूट चढवायची पट्टी घेऊन धावत आला, त्याच्यामागे त्याची दोन गिऱ्हाइकं. एवढी माणसं बघितल्यावर तो आरसा टाकून पळाला. पुढे पोलिसांना सापडला, ते वेगळं. पण त्या दिवशी दादाला वाचवलं ते माझ्या घशानं आणि बुटांच्या दुकानवाल्यानं. कराटेनं नाही.

तेही पूर्ण खरं नाही म्हणा. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, "डोकं वाचलं ते पडताना हनुवटी छातीशी घेतलीत म्हणून. पडायला शिकलाय का कुठं?" म्हणजे एकतीस वर्षांतलं पडणं तेवढं कामाला आलं.

संध्याकाळी भिंगरी धापा टाकत वॉर्डात आली. पहिला प्रश्न हाच. "बाबा, पकड बसली नाही का?"

"बसली होती," दादा म्हणाला. "पाय घसरला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. आजारी माणसाला वॉर्डात काय बोलायचं, म्हणून मी मूग गिळून बसले. भिंगरीच्या मनावरचं ओझं मात्र उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. पाय काय, कुणाचाही घसरतो. डाव बरोबर होता, बाबा बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी फुलं घेऊन आले. जाताना त्यांच्या बोलण्यात मारणारे एकाचे दोन झाले होते, जिना उतरेपर्यंत तीन, आणि फाटकाशी कुणाच्या तरी हातात सुरा आला. लोकांना कुणी थांबवायचं? दादानं ब्र काढला नाही.

शुक्रवारी तो घरी आला. वहिनी औषधं आणायला गेली तशी मी दार लोटून घेतलं.

"दादा, सोमवार आला."

"मग?"

"मग काय, डोंबल! पोरगी एकटी जाणार आहे. तुझ्या भरवशावर."

त्यानं चादरीची मुडप सरळ केली. मग म्हणाला, "त्यानं हात आपटला, म्हणून मी सोडलं."

"बघितलं मी."

"आणि वाकलो."

"तेही बघितलं."

"तू कुणाला सांगितलंस?"

"कप्पाळ माझं! सांगितलं असतं तर इथं तुझ्याशी भांडायला आले असते का?"

त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "एकतीस वर्षं शिकवलं ते चुकीचं होतं, असं सांगू का सगळ्यांना? मी ठरवून सोडलं नाही गं. हातानं सोडलं. मला कळलं तेव्हा आरसा वर होता."

मला गलबलून आलं. पण राग जास्त होता. म्हटलं, "चूक का बरोबर ते मला कळत नाही. तुझ्या हातानं सोडलं, तसंच तिचाही हात सोडणार, एवढं कळतं. तिचा हात तूच घडवलायस ना?"

 मी चहा टाकायला उठले.

शनिवारी तो हॉलवर गेला. डावा हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. वहिनी अडवून दमली. मीही मागोमाग गेले. सगळे वाकले, तोही जमेल तेवढा वाकला आणि म्हणाला, "एकच माणूस होता. सुरा नव्हता. माझा पाय घसरला नाही. मी खोटं बोललो." मग जे झालं ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. वाकलो तेसुद्धा. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मीच बघून घेतलं असतं.

मग त्यानं भिंगरीला पुढे बोलावलं आणि उजवा हात तिच्यासमोर धरला. "पकड लाव."

तिनं मनगट पिळलं. दादानं गळ्यातल्या हाताच्या बोटांनी स्वतःच्या छातीवर दोनदा आपटलं. भिंगरीनं लगेच सोडलं. सुटलेल्या हातानं दादानं तिच्या गालावर चापट मारली, अगदी हलकी.

"पुन्हा. या वेळी सोडू नकोस."

तिनं पकड लावली. त्यानं दोनदा आपटलं. तिनं सोडलं. गालावर चापट.

"भिंगरे, सोडू नकोस म्हणालो ना?"

"मी नाही सोडलं, सर! आपोआप सुटलं!"

"हो," दादा म्हणाला. "तसंच माझंही."

तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तिनं ओठ दाताखाली दाबून धरून ठेवलं. दादा आपटत राहिला, दोनदा, चारदा, सहादा. त्याच्या कपाळावर घाम आला, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण पकड सुटली नाही. 

"शाबास पोरी," दादा म्हणाला.

तिनं सोडलं. पुन्हा चापट.

"शाबासकी दिली तरी सोडायचं नाही," तो म्हणाला. आणि मग तो खालीच बसला, चटईवर. म्हणाला, "मी तुम्हाला खेळ शिकवला. खेळ चांगला आहे, शरीर तयार होतं, पडायला येतं. पण बाहेरच्या माणसाला आपले नियम माहीत नसतात. सोमवारपासून आधी ओरडायला शिकायचं. मग दार कुठंय ते बघायला. हात सोडवायचा तो फक्त पळण्यासाठी." भिंगरीकडे न बघता त्यानं पुढे सांगितलं, "आणि फॉर्म बदलून घे. जोडीनं जा. मी चुकलो होतो."

सोमवारी विद्यार्थी निम्मेच आले. ओरडायला आणि पळायला शिकायला कोण येतंय? काळा पट्टा म्हणजे काय, आरडाओरडा? एकाचे वडील म्हणाले, मास्तरांनी मार खाल्ला आणि कच खाल्ली. दादानं ते ऐकून घेतलं. मला ऐकवलं नाही, मी त्यांना चष्मा देणं बंद केलं.

दीड महिना गेला असेल. दुपारची वेळ, दादा आत मशीनवर, खांदा अजून ठणकतच होता. दार धाडकन उघडलं आणि भिंगरी आत आली. केस विस्कटलेले, दंडावर बोटांचे वळ, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. मागे तिची जोडीदारीण नर्स, पांढरीफटक पडलेली. 

मशीन थांबलं. दादा बाहेर आला, हातांवर काचेची पांढरी भुकटी तशीच.

"म्हातारीची पट्टी बदलत होते," भिंगरी म्हणाली. "ही गाडीतून खोका आणायला खाली गेली. म्हातारीच्या जावयानं दाराला कडी लावली आणि दंड धरला. मी ओरडले, बाबा. पोटातून. मग हात सोडवला. मनगट पिळलं तसा तो खाली बसला, हात जोडायला लागला. 'चुकलो, सॉरी, थांब' म्हणाला."

दादानं विचारलं, "मग?"

"मी नाही थांबले. कडी काढली आणि पळाले. ही जिन्यात धावत वर येतच होती, माझं ओरडणं ऐकून."

"बॅग?"

"राहिली."

"बूट?"

"राहिला."

दादा एक पाऊल मागे गेला. टाचा जुळवल्या. आणि त्या मोडक्या खांद्यानं, विद्यार्थ्यानं गुरूपुढे वाकावं तसा, आपल्या लेकीपुढे कमरेतून वाकला. या वेळी नजर जमिनीवर नव्हती. भिंगरीच्या मागच्या उघड्या दारावर होती.

मी जाऊन कडी लावली. तेव्हा कुठं तो सरळ झाला.