तीस फुटांच्या जागी दहा

आमच्या इमारतीचं जोतं अडीच फूट उंच आहे. मागच्या नाल्याचं पाणी आत शिरू नये म्हणून बिल्डरने ते मुद्दाम उंच घेतलं होतं. अंबरनाथला तळमजल्याचा हा फ्लॅट घेतला तेव्हा मी आईला ते कौतुकाने दाखवलं होतं. दारापासून अंगणापर्यंत पाच पायऱ्या. आठ वर्षं ती त्या रोज चढली-उतरली. मग मधुमेहामुळे तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि त्या पाच पायऱ्यांनी तिला घरात अडकवून ठेवलं.

आई रडणारी बाई नव्हती. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत तिने वीस वर्षं धागे कापायचं काम केलं होतं, हात मजबूत होते. व्हीलचेअर आली तशी महिन्याभरात ती घरभर स्वतः फिरायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात कोपर आत घ्यायची, चाक जरा मागे घ्यायची आणि वळायची. पाणी स्वतः प्यायची, भाजी स्वतः निवडायची. फक्त घराबाहेर पडायचं म्हटलं की कुणाला तरी हाक मारावी लागायची आणि तेच तिला नको होतं.

तिला लांब कुठे जायचं नव्हतं. गल्लीच्या पलीकडे आमचं विहार आहे, जेमतेम चाळीस पावलांवर. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन होतं. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण आवाज खणखणीत आणि वाचनात कुठे अडखळणं नाही. बायकांनी कितीतरी वर्षं वाचायचं काम तिच्याकडेच ठेवलं होतं. पाय गेला त्या वर्षी तिचं वाचन चुकलं. पुढचा वर्षावास यायच्या आत रॅम्प करायचा, असं मी तिला दवाखान्यातच सांगितलं होतं.

बदलापूरहून एक कॉन्ट्रॅक्टर आला. शांत माणूस, माझ्याच वयाचा. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्याने दारापासून फाटकापर्यंत उंची मोजली, वहीत आकडे मांडले आणि मग मला बाजूला सारून आईशी बोलायला बसला.

"मावशी, हात पुढे करा. माझा तळवा ढकला बघू."

आईने ढकलला. तो खुर्चीसकट मागे सरकला आणि हसला.

"बरोबर कुणी ढकलायला असेल ना?"

"ढकलायला कुणी असतं तर पायऱ्यांवरूनच उचलून नेलं असतं," आई म्हणाली. "मला कुणाला हाक न मारता जायचंय. आणि तसंच परत यायचंय."

"मग तीस फूट लागेल. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा हिशेब असतो. त्याहून उभा केला तर तुम्ही अर्ध्यात दमाल." त्याने खिडकीतून तिला दाखवलं. "इथून असा सरळ जाईल, तिकडे चौथरा करू, दम खायला. मग वळून असा फाटकाकडे. दोन्ही बाजूंना पाइपचं रेलिंग."

तो गेल्यावर आई म्हणाली, "हा माणूस बरा आहे. मला विचारलं त्याने."

त्याने खर्च सांगितला एक लाख पंधरा हजार. मी दचकलो हे खरं. पण ही गोष्ट मी इतकी वर्षं ज्या पद्धतीने स्वतःला सांगत आलो, ती पद्धत आता सोडतो. पैसे होते. बोनस आला होता, शिवाय आईच्या स्वतःच्या ठेवीतले घे म्हणून ती मागे लागली होती. अडचण वेगळी होती. कॉन्ट्रॅक्टरने खिडकीतून बोट फिरवून जी जागा दाखवली, तिथे माझी गाडी उभी होती.

सहा महिन्यांपूर्वी घेतलेली, पांढरी. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. ऑफिसला मी ट्रेननेच जायचो, गाडी निघायची ती रविवारी. पण रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी तिच्यावरून हात फिरवायचो. पार्किंगची ती जागा फ्लॅटबरोबर माझ्या नावावर होती. रॅम्प झाला की गाडी रस्त्यावर.

त्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. आमचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. सिंधी, उल्हासनगरला प्लायवूडचं दुकान. आईला ते अम्मा म्हणायचे. मी भीत भीत विषय काढला तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"अरे अम्मा के लिए है ना? तो बना ना! पार्किंग तेरी जा रही है, दुसऱ्या कुणाचं काय जातंय? लिखो भाई, मंजूर."

पाच मिनिटांत मंजुरी मिळाली. मी खाली आलो, टेप घेऊन गाडीभोवती फिरलो. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, गाडी रस्त्यावर लावली तर काय मरते का?"

"पुढच्या गल्लीत काच फोडली एकाची."

"काच नवी बसते," ती म्हणाली आणि आत गेली.

मी आत आलो तेव्हा आई वाटच बघत होती. "काय म्हणाले रे?"

मी ठरवून खोटं बोललो नाही. पण ठरवल्यासारखं सफाईने बोललो. "नाही म्हणाले."

"कोण?"

"सेक्रेटरी. पार्किंगचा प्लॅन बदलता येत नाही म्हणतात. मी भांडलो, तेव्हा कुठे छोट्या रॅम्पला हो म्हणाले."

आई म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरचे? ते असं म्हणाले?" आणि थोड्या वेळाने, "भांडू नकोस बाबा कुणाशी. राहायचंय आपल्याला इथे."

माझ्या न झालेल्या भांडणाचं तिला कौतुक वाटत होतं. मी ते घेतलं.

मग उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला एक मिस्त्री मिळाला. त्याने पायऱ्यांकडे एक नजर टाकली. नळी नाही, टेप नाही.

"दहा फूट बस झाला, साहेब. अठ्ठावीस हजार, मालासकट. वरून आडव्या खाचा मारतो, पावसात पण गाडी सटकणार नाय."

"गाडी नाही, व्हीलचेअर आहे."

"तेच ना. भरलेली हातगाडी चढेल, खुर्ची काय चीज आहे!"

आमच्याकडे रॅम्प म्हणजे मोटरसायकल आत घ्यायचा उतार. प्रत्येक दुकानासमोर, प्रत्येक बैठ्या घरासमोर तो असतो, आणि मिस्त्री लोकांना तोच येतो. त्याने चार दिवसांत मन लावून तसाच बांधला. शेवटच्या दिवशी स्वतःची मोटरसायकल त्यावर चढवून, उतरवून दाखवली. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. खुर्ची आणून बघू, असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही. दहा फुटांत अडीच फूट म्हणजे फुटाला चार फूट. तो बदलापूरचा माणूस बारा म्हणाला होता. एवढा भागाकार मला येत होता.

सेक्रेटरींनी जाता-येता तो पाहिला. "अरे ये क्या? तू तो लंबा वाला बोला था."

"बजेट नाही जमलं."

"तो बोलना था ना! सोसायटी से थोड़ा निकालते."

मी हसून वेळ मारून नेली.

आईने पहिल्यांदा खुर्ची त्यावर घातली ती सकाळची वेळ होती. उतरताना मी पुढून धरली होती, तरी खाचांवरून चाकं धडधडत आली आणि तिचा उरलेला पाय पुढे ताठ झाला. खाली आल्यावर म्हणाली, "आता सोड. मी चढते." तिने जोर लावला. तीन फूट चढली, चौथा फूट चढली. मग दंड थरथरायला लागले, खुर्ची मागे यायला लागली. मी पाठीमागून छातीने अडवली. तिने परत दोनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी तिने चाकांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"ने वर," ती म्हणाली.

वर्षावास सुरू झाला. मी घरी पोहोचायचो आठला, बायकोच्या शिकवण्या साडेसातपर्यंत. पहिले काही दिवस विहारातल्या बायका येऊन आईला न्यायच्या, दोघी पुढून, एक मागून. एका संध्याकाळी उतार ओला होता, मागच्या बाईचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तर आईने दारातूनच सांगितलं, "जा गं तुम्ही. माझं मी घरी वाचते."

आणि खरंच वाचायची. सात वाजले की खुर्ची खिडकीशी घ्यायची, चष्मा लावायची, आणि विहारात चालू असेल तेच प्रकरण मोठ्याने वाचायची. सकाळी पाणी भरायला आलेल्या विहारातल्या बाईला विचारायची, "काल कुठपर्यंत आलात?" कधी ती दोन पानं पुढे असायची, कधी मागे. पुढे असली तर थांबायची, मागे असली तर दुपारी भरून काढायची. शिकवणीची मुलं बाहेरच्या खोलीत पाढे म्हणत असायची, त्यामुळे आईला आवाज आणखी चढवावा लागायचा. खिडकीबाहेर माझी गाडी, कापड घालून झाकलेली.

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खीर होते आणि इमारतीत घरोघर जाते. दुसऱ्या मजल्यावरचा डबा सगळ्यात मोठा असायचा, कारण सेक्रेटरींना ती फार आवडायची. रॅम्पनंतरच्या पहिल्या पौर्णिमेला बायकोने डबे भरले तेव्हा आई म्हणाली, "वरती नको."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे समोर धरला होता.

"अहो, आईंना खरं सांगा," नंतर ती मला म्हणाली. "नाहीतर मी सांगेन." तिने सांगितलं नाही. माझी लाज राखली. त्याचंही ओझं आहे.

सेक्रेटरी पहिल्यासारखेच फाटकातून हाक मारायचे, "काय अम्मा, जेवलात काय?" आई खिडकीत असली तरी उत्तर द्यायची नाही, पुस्तकात बघायची. काही महिन्यांनी त्यांनी हाक मारणं बंद केलं. जाताना नुसता हात जोडायचे.

असे तीन वर्षावास गेले. मग किडन्यांनी साथ सोडली आणि आईची खुर्चीही सुटली, ती पलंगाला खिळली. एका दुपारी मी तिला संत्र्याचा रस पाजत होतो. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगशील का?"

"काय?"

"मी मनात ठेवलं होतं. आता नाही ठेवत. माफ केलंय म्हणावं. त्यांच्या हातात तरी काय असणार, नियमच असेल." तिने घोट गिळला. "सगळ्यांचं भलं होवो, ही मैत्रीभावना रोज वाचायची तोंडाने, आणि मनात हे. बरं नाही दिसत ते."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पेला माझ्या हातात होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सांगतो." तिचं तोंड पुसलं आणि पेला धुवायला आत गेलो. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

निरोप मी पोचवला नाही. पोचवला असता तर कशाबद्दल, हेही सांगावं लागलं असतं. अकरा दिवसांनी आई गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सेक्रेटरी आले, मागच्या रांगेत बसले. विहारातल्या बायकांनी आईच्या वाचनाच्या आठवणी सांगितल्या. लोक पांगल्यावर ते अंगणात माझ्याबरोबर खुर्च्या गोळा करायला लागले. चार-पाच खुर्च्या एकात एक घातल्यावर म्हणाले, "एक बात पूछूं? अम्मा मेरे से किस बात पे नाराज थी? मैं सोचता रहा. काही चुकलं माझं?"

मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं. मीटिंग, गाडी, मी काय बोललो ते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मतलब तीन साल मैं उनका दुश्मन था," ते म्हणाले. "और तेरे को मालूम था."

"हो."

"आखिर में कुछ बोली? मेरे बारे में?"

"माफ केलं म्हणाली तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं. "किस बात का?"

त्यांनी हातातली खुर्ची भिंतीशी लावली, कपाळ पुसलं. "मेरे को क्यों बोल रहा है अब? उनको बोलना था," म्हणाले, आणि वर गेले.

तिला सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत गाडी किती वेळा बाहेर निघाली, ते मी आठवून पाहिलं. रविवारी, आणि तेही सगळ्या रविवारी नाही.