उजव्या हाताची पाटली

रायचूरकडच्या एका खडकाळ डोंगरानं माझ्या वडिलांचं डोकं खाल्लं आणि वडिलांनी आमचं. त्या डोंगरात सोन्याची खाण होती, वडील तिथे कारकून होते. खाण बंद पडली तसे आम्ही सोलापुरात आलो आणि ते गिरणीत लागले. पण गिरणीचा भोंगा होवो की ताट वाढलेलं असो, विषय एकच, "साहेब गेले, सोनं तिथंच राहिलं की!"

एकदा ते रजा काढून गेले आणि पांढऱ्या गारगोट्यांचं पोतं आगगाडीतून घरी घेऊन आले. कुटायचं कुणी? अर्थात आईनं! महिनाभर रोज लोखंडी खलबत्ता ठणठणत होता. भाकरीत कच, अंथरुणात कच. पहिल्याच दिवशी आई पाटल्या काढून ठेवू लागली, तर वडील म्हणाले, "अगं, लक्ष्मीचं काम आहे हे. हात ओकेबोके ठेवू नकोस." त्या पाटल्या आजीनं तिला लग्नात दिलेल्या. घरात सोनं म्हणून तेवढंच. मला असा संताप यायचा की ते पोतं उचलून विहिरीत टाकावं.

शेवटी वडिलांनी झारेकरणीला बोलावलं. सराफांच्या दारातली माती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणं हा तिचा धंदा. तिनं आमचा भुगा अंगणात परातीत धुतला. तळाशी बारीक पिवळी रेघ उरली.

"व्हय, सोनंच हाय की हे!"

झालं! वडील अंगणात येरझारा घालू लागले. आता डोंगरावर मजूर लावायचे, स्वतः खणायचं, आणि त्यासाठी पाटल्या मोडायच्या. आईनं पाटल्या उतरवल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "दे त्यांना."

देताना बोटांना काहीतरी वेगळं लागलं. आईच्या डाव्या हातातल्या पाटलीवरची कोरलेली फुलं टोचत होती. उजवीवर फुलं नव्हतीच, ती पार गुळगुळीत झाली होती. मी दोन्ही वडिलांच्या नाकासमोर धरल्या. झारेकरणीनं उजवी पाटली घेऊन उजेडात फिरवली.

"मालक, कुटताना गारेच्या भुग्यानं पाटली खाल्ली की. मी धुतलं ते ह्येच सोनं."

वडील पायरीवर बसले. मला वाटलं, आता तरी आई रडेल, निदान भांडेल. तिनं पाटल्या परत हातात चढवल्या आणि उरलेल्या पोत्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "उद्यापासून डाव्या हातानं कुटू का?"