रोलरमधल्या मेणाला लागणारी जागा

बारामतीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना अगदी छोटा. इस्त्रीची आणि गिझरची कॉइलं बनवायची आणि मोठ्या कंपन्यांना पुरवायची, एवढंच काम. डिझाइनचं मी बघते. इंदापूरहून रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. कॉइलं कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळं त्यांच्याबद्दल कुणाचं काही मतही नसतं. ते सुख एके दिवशी संपलं.

आमचे साहेब दिल्लीच्या प्रदर्शनाला गेले होते. येताना एक खोका घेऊन आले आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. आत केस कुरळे करायचे गरम रोलर होते; विजेच्या तळावर बसवून तापवायचे आणि मग केसांत गुंडाळायचे.

"मॅडम, हे आपण बनवायचं. पण आपलं चटकन गरम झालं पाहिजे आणि गरम राहिलंही पाहिजे."

"साहेब, यातलं एक मिळेल."

"मला दोन्ही पाहिजे," ते म्हणाले. जसं काही दुसरं मी मुद्दाम ड्रॉवरमध्ये लपवून ठेवलं होतं!

पातळ पातेलं लगेच तापतं आणि उतरवलं की लगेच निवतं. बिडाचा तवा तापायला वेळ लावतो, पण मग बराच वेळ गरम राहतो. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. साहेबांना ते ऐकायचं नव्हतं. ते रोज येऊन विचारायचे, "झालं का?"

त्यात तपासायला डोकं लागतं, म्हणजे केसांचं. माझे केस खांद्याच्या वरच, तेही विरळ. कारखान्यातल्या बायकांनी "आमी न्हाय बाई" म्हणून पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतले. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्यांना मी आत्या म्हणते. लहानपणी त्या मेंढरांमागं रानोमाळ फिरल्या. आता आमचा ऊस आहे, दोन गाई आहेत, आणि आत्यांचे केस अजून कमरेपर्यंत आहेत, बरेचसे काळे.

"मालिका लागल्यावर बसंन," त्या म्हणाल्या. "मदी उठवायचं न्हाय. आन् माज्या केसांचं वाटोळं झालं तर बघ."

पहिले रोलर अॅल्युमिनियमचे होते. तापले झटकन. पण आत्यांचे केस एवढे दाट, की शेवटचा रोलर लावेपर्यंत पहिला गार पडलेला. सगळे काढले तर केस होते तसे सरळ. आत्यांनी आरशात पाहिलं.

"कुठं हाय कुरळं?"

मग मी आत मेण भरायचं ठरवलं. मेण वितळताना पुष्कळ उष्णता पोटात घेतं आणि घट्ट होताना ती सावकाश परत देतं. हे रोलर छान गरम राहिले, पण तापेचनात. कारखान्यात जरा बरं होतं. घरी संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि रोलर नुसते कोमट व्हायचे. मालिका संपायची, आत्या उठून गाईंकडं जायच्या, आणि मी गरम न झालेले रोलर हातात घेऊन बसायचे. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "इथं तर तापतंय की." इथं तापतंय! बायका केस कुरळे करायला एमआयडीसीत येणार होत्या का?

तोडगा निघाला तो असा : मेणाच्या आत अॅल्युमिनियमची पातळ पानं बसवायची, म्हणजे उष्णता कडेला न अडता मेणात सगळीकडं लवकर पोचते. रोलर तापवायचा विजेचा तळही जास्त ताकदीचा केला. साहेबांना हवं होतं तेवढं चटकन नाही, पण पडत्या व्होल्टेजवरही चहा पिऊन होईपर्यंत रोलर तापायला लागले. त्या संध्याकाळी आत्यांचे केस सोडले तर पाठीवर लाटाच लाटा. आत्यांनी पदर घेतला, चप्पल घातली आणि त्या शेजारी गेल्या. थोड्या वेळानं शेजारणीचा आवाज आला, "आगं बया! पदर काढ की जरा, बघू!"

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण ते टिकलं नाही.

वितळलं की मेण फुगतं. म्हणून प्रत्येक रोलरमध्ये वरती थोडी जागा रिकामी ठेवायची, हे मी ड्रॉइंगवर लाल अक्षरांत लिहिलं होतं आणि भरणाऱ्या माणसांना तोंडीही सांगितलं होतं. पुढं नमुन्याचा पहिला माल निघाला. गुलाबी रंग, झाकणावर फूल. फूल साहेबांच्या आवडीचं.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचा साखरपुडा होता, भिगवणला. तिला केस कुरळे हवे होते आणि आत्यांवर वापरलेले ओबडधोबड रोलर नको होते. "वहिनी, ते नवीन आण. गुलाबी." मी एक संच मागून घेतला.

सकाळी तिला खुर्चीवर बसवलं, रोलर लावले, आणि मी साडीला पिना लावायला आत गेले. एवढ्यात ती किंचाळली.

"वहिनी, मानेवर काहीतरी गरम पडलं!"

धावत जाऊन पाहिलं तर रोलरांच्या टोकांतून मेण गळत होतं. मानेवर एक लाल चट्टा उठला होता. भराभर रोलर काढले, मानेवर गार पाणी ओतलं. तोवर केसांत मेण घट्ट होऊन त्याच्या गाठी झाल्या. ती रडायला लागली. बाहेर गाडी येऊन उभी राहिलेली.

"हिला कुणी सांगितलं व्हतं शानपना करायला?" आत्या म्हणाल्या आणि खोबरेल गरम करायला ठेवलं. आम्ही दोघींनी मेणाचे तुकडे बोटांनी चुरून काढले, कोमट तेल चोळलं, शिकेकाईनं धुतलं, पुन्हा तेल, पुन्हा शिकेकाई. तरी केस चिकटच राहिले. शेवटी घट्ट अंबाडा घातला आणि त्यावर गजरा. कार्यक्रमात नवऱ्या मुलाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, पोरगी किती साधी हाय! नायतर आजकालच्या!" नणंदेनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पेढ्यांच्या ताटाकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक रोलर कारखान्यात कापला. मेण काठोकाठ. भरणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, साहेबांनीच सांगितलं.

"हो, सांगितलं," साहेब म्हणाले. "हलवलं की आत काहीतरी वाजत होतं. गिऱ्हाइकाला वाटेल तुटलंय."

"साहेब, ते वाजतं कारण आत जागा आहे. आणि जागा आहे म्हणून ते फुटत नाही."

"पण वाजतं ना!"

मी काठोकाठ भरलेले रोलर तळासकट त्यांच्या टेबलावर मांडले, बटण दाबलं आणि समोर बसून राहिले. ते फोनवर बोलत होते. बोलता बोलता मेण गळून काचेवर पसरलं आणि तिथून त्यांच्या मोबाइलच्या चार्जरकडं निघालं. त्यांनी फोन ठेवला.

"मग हे आधी सांगायचं ना, मॅडम."

मी उठून ड्रॉइंग आणलं आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अक्षर बारीक आहे."

त्या मालातलं मेण वितळवून काढलं आणि वरती जागा ठेवून परत भरलं. वाजू नये म्हणून मेणावर स्पंजासारख्या मऊ रबराची चकती बसवली. मेण फुगलं की ती दबते, आकसलं की पसरते. आवाज बंद झाला. माल गेला. नणंदेच्या मानेवरचा डागही गेला, तिचं लग्नही झालं. लग्नात केस तिनं पार्लरमध्ये करून घेतले आणि मला खोलीतही येऊ दिलं नाही.

मग भिगवणच्या एका पार्लरवाल्या बाईचा फोन आला. तक्रार होती. बॉक्सवर माझा नंबर कुणी छापला, हे मला आजवर कळलेलं नाही. रविवारी गेले.

"मॅडम, हे लई वेळ गरम ऱ्हातंय," ती म्हणाली. "काढून ठेवलं तरी निवत न्हाय. पुढचं गिऱ्हाईक ताटकळतंय."

मी म्हटलं, एक संच निवेपर्यंत दुसरा वापरा, आणि काढलेले ओल्या टॉवेलवर ठेवा. तिनं ऐकून घेतलं, पण तोंड वाकडंच. खुर्चीवर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. बाईनं तिचे रोलर एकेक करून सोडले. केस खाली आले, तसेच वळलेले राहिले. मुलीनं मान इकडं वळवून पाहिलं, तिकडं वळवून पाहिलं, मग फोन काढला आणि स्वतःचा फोटो घेतला. एक आवडला नाही म्हणून दुसरा घेतला.



"चांगलं व्हतंय, त्ये खरं," बाई म्हणाली. "पण वेळेचं बगा तेवढं."

"बघते," म्हणाले आणि स्टँडकडं चालू लागले.