डाव्या भुवईतली खूण

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, उत्तरेकडच्या सीमेवर एका मेजरचा मृत्यू झाला. वय एकतीस. गाव सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या पुढे. गस्तीवरच्या तुकडीतले दोन जवान जखमी होऊन उघड्यावर अडकले होते. एकाला मेजरांनी पाठीवर घेऊन आडोशाला आणलं आणि ते दुसऱ्यासाठी परत गेले. दुसऱ्याला उचलून येताना दोघेही पडले. पुढे शौर्यपदक जाहीर झालं, तेव्हा मानपत्रात एवढाच मजकूर होता.

त्या दिवशी आमच्या दैनिकाच्या सातारा कार्यालयात पहिलं पान माझ्याकडे होतं. सांगलीच्या वार्ताहरानं बातमी दुपारी पाठवली आणि फोटो संध्याकाळी. घरच्यांनी दिलेला, सुट्टीत काढलेला, साध्या स्वेटरमधला फोटो. डोक्यावर टोपी नाही. ओठांचा एक कोपरा हसताना वर गेलेला. डाव्या भुवईत बोटाच्या पेराएवढी फट, तिथे केस नाहीत.

पान लावण्याचा एक नियम आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो. फोटोतल्या माणसाची नजर पानाच्या आत यायला हवी. ती बाहेर जात असली की वाचकही बाहेर जातो, असं आमचे जुने वृत्तसंपादक म्हणायचे. फोटोची जागा उजव्या कडेला होती आणि मेजरांची नजर किंचित उजवीकडे. फोटोत पाटी, पदक, अक्षर असं काहीच नव्हतं. मी तो आरशात दिसावा तसा उलटवला. आठ-दहा सेकंदांचं काम. नंतर पुढचं पान घेतलं.

अंत्यसंस्काराला मी गेलो होतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या करून माणसं चालत येत होती. साताऱ्यापासून गावापर्यंत श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले होते आणि सगळ्यांवर आमच्या पानावरचा फोटो होता. कोणीतरी पान मोबाइलवर टिपलं होतं, तेवढं पुरलं. त्या गर्दीत माझ्या काहीही लक्षात आलं नाही.

आठ महिन्यांनी गावानं चौकात अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. काम मलकापूरच्या एका शिल्पकाराकडे दिलं. पुतळा कसा घडतो यावर रविवार पुरवणीसाठी लिहावं म्हणून मी त्याच्या कार्यशाळेत गेलो. हायवेजवळची पत्र्याची शेड. आत वेगवेगळ्या गावांचे सहा-सात जवान छातीपर्यंतच होते, काही मातीत, काही प्लास्टरमध्ये. मातीचे ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. पाण्याचे थेंब खाली टपकत होते. शिल्पकार आतून बाहेर येईपर्यंत मी त्यांच्यात एकटा उभा होतो. उंच स्टँडवर ठेवल्यानं सगळ्यांची उंची माझ्याएवढी होती.

"बसा की," शिल्पकार म्हणाला. "ती मंडळी काय बोलत न्हाईत. आज मेजरसायबांची माती पास व्हायची हाय. घरची येत्यात."

माती पास होणं म्हणजे काय ते त्यानं समजावलं. मातीचा चेहरा तयार झाला की घरची माणसं बोलवायची. त्यांनी मान हलवली की साचा घ्यायचा, मग ओतकाम. एकदा ब्राँझ ओतलं की बदल नाही. "घरच्यांनी मान हलवल्याबिगर मी साचा घेत न्हाई. धंदा सुरू केल्यापास्नं न्हाई."

अकराच्या सुमारास गाडी आली. मेजरांची आई, पत्नी आणि चुलते. चुलते पुतळा समितीचे अध्यक्ष. वडीलही लष्करातले, ते आधीच गेलेले. शिल्पकारानं गोणपाट वरून खाली, हळूहळू सोडवलं. आधी टोपी दिसली, मग कपाळ, मग डोळे. ओली माती चकाकत होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी असल्यासारखं वाटत होतं.

पत्नीनं तोंडावर हात घेतला. "हेच आहेत," ती म्हणाली. "हसणंसुद्धा हेच."

आई पुढे गेल्या. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग दोन पावलं मागे आल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, परका पुरुष समोर आल्यावर घेतात तसा.

"ह्यो माजा न्हाई."

त्या पुन्हा म्हणाल्या, "त्याच्यासारखा हाय. त्याचं सगळं घेतलंय. पर ह्यो त्यो न्हाई. कोन हाय ह्यो?"

"आवं वैनी, असं काय करताय?" चुलते म्हणाले. "सूनबाई म्हनतीया त्योच हाय. सगळं गाव म्हनंल. तुमी तेवढं..."

"सूनबाईनं तीन वरसं बगितला. तीबी सुट्टीपुरता. खूण कुटं हाय बगा. ह्या भुवईत न्हाई, त्या भुवईत. मला शिकवू नका भावजी. ती खूण माज्या हातची हाय."

खुणेची हकिगत त्यांनी तिथेच, उभ्यानं सांगितली. मुलगा पाच वर्षांचा असताना त्या बांधावर वैरण कापत होत्या. तो समोरून पळत आला. विळा उजव्या हातात होता, वर येत होता. "समोरासमोर हुता. माजा उजवा हात, त्याची डावी बाजू. एक बोट खाली आला असता तर डोळा गेला असता. सव्वीस वरसं मी रोज त्या भुवईकडं बगितलंय. माजं चुकंल व्हय?"

शिल्पकारानं पुरावे आणले. आमच्या पानाचं कात्रण, खूण उजव्या भुवईत. पत्नीनं आपला मोबाइल पुढे केला. मेजरांनी छावणीतून स्वतःच काढून पाठवलेले फोटो, चाळीस-पन्नास तरी असतील. सगळ्यांत खूण उजव्या भुवईत. गणवेशातला अधिकृत फोटो होता, पण स्टुडिओवाल्यानं सवयीनं चेहरा साफ केला होता, खूणच काढून टाकली होती. लग्नाच्या अल्बमचंही तेच, आणि वार्ताहराला दिलेली मूळ प्रत घरी परत आलीच नव्हती.

आईंनी एकेक बघितलं. आधी कात्रण, मग मोबाइल, मग माती. आवाज खाली आला. "मग त्ये समदे बी त्यो न्हाईत."

पत्नी बाहेर जाऊन गाडीत बसली. चुलत्यांनी शिल्पकाराला बाजूला घेतलं. "दुःखानं डोस्कं फिरलंय गड्या तिचं. तू साचा घे. सूनबाईनं मान हलवली, बास झालं की."

"एकाच घरात एकीची मान हलली, एकीची न्हाई," शिल्पकार म्हणाला. "चार दिस थांबतो. त्याच्या म्होरं माती तडकंल. वरीस भरायच्या आत बसवायचा म्हंजी मला बी हात चालवायला पायजेत. चार दिसांनी तुमी म्हनाल तसं."

म्हणजे आईंना चार दिवस होते. तेवढ्यात त्यांचं म्हणणं खरं ठरलं नाही तर त्यांच्या घराच्या वाटेवरच्या चौकात, ज्याला त्या मुलगा मानत नव्हत्या, तो माणूस कायमचा उभा राहणार होता.

साताऱ्याला परतताना हायवेवर फ्लेक्स लागत होते. उन्हानं फिके झालेले, एक-दोन फाटून फडफडणारे. जाताना मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. येताना प्रत्येकाकडे पाहिलं. प्रत्येकावर खूण उजवीकडे होती आणि प्रत्येकाची नजर पानाच्या आत होती.

कार्यालयात जाऊन मूळ फोटो शोधला. तो मिळायला दोन मिनिटं लागली. पान आणि फोटो शेजारी ठेवले. मूळ फोटोत खूण डाव्या भुवईत होती. हसताना वर जाणारा ओठाचा कोपराही दुसरा होता. पानावर जो माणूस होता, तो कधीच कोणाच्या समोर उभा राहिला नव्हता.

मोबाइलमधल्या फोटोंचं उत्तर आमच्या छायाचित्रकारानं दिलं. काही फोनमध्ये स्वतः काढलेला फोटो आरशातल्यासारखाच साठतो. मेजर स्वतःला जसे दिसत, तसे ते पत्नीला दिसले होते.

तरी मी लगेच फोन केला नाही. एका फोटोवर विसंबून एकदा चूक झाली होती. दुसरा, स्वतंत्र दुजोरा हवा होता. मेजरांनी आणलेला जवान बरा होऊन घरी आला होता, सातारा तालुक्यातच. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. तो अंगणात खुर्चीवर बसला होता, एक पाय पुढे ताणून. मी खुणेबद्दल विचारलं, बाजू सांगितली नाही.

त्यानं आधी आपली हनुवटी डाव्या खांद्यावर टेकवून बघितली. मग म्हणाला, "मी पाठीवर हुतो. माजी हनवटी सायबांच्या डाव्या खांद्यावर. हेल्मेट पडलं हुतं त्यांचं. त्यांचा चेहरा म्हंजी मला एवढाच दिसत हुता, कानापास्नं भुवईपतुर. भुवईत फट हुती आन त्या फटीत बर्फ बसला हुता. मी म्हनलं, सायब, मला सोडा. त्ये म्हनले, गप रं, वजन वाढतंय तुझं बोलून."

तो थोडा हसला.

"आता बी डोळे मिटलं की तेवढंच दिसतं. बाकीचा चेहरा न्हाईच. तेवढीच भुवई."

"कोणती?"

"डावी."

चौथ्या दिवशी सकाळी मी मलकापूरला गेलो आणि शिल्पकाराला दोन्ही फोटो दाखवले. चूक माझ्या हातून झाली, हेही सांगितलं. त्यानं मला काही सुनावलं नाही. शेडच्या कोपऱ्यात कमरेएवढा आरसा होता. चेहऱ्याच्या दोन बाजू जुळतात का ते बघायला शिल्पकार तो वापरतात. त्यानं फडक्यानं तो पुसला आणि पुतळ्यासमोर भिंतीला टेकवून उभा केला.

आई आल्या, बरोबर चुलते आणि पत्नी. शिल्पकार म्हणाला, "काकू, पुतळ्याकडं बगू नका. हिकडं तोंड करा. आरशात बगा."

त्या पुतळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागून शिल्पकारानं गोणपाट काढलं. आरशात त्यांच्या खांद्यावरून तो चेहरा वर आला.

त्यांनी उजवा हात सरळ पुढे केला आणि काचेवर, भुवईवर, एक बोट ठेवलं.

"आलास व्हय," त्या म्हणाल्या. "हितंच. हितंच लागलं हुतं."

बोट तसंच ठेवून त्यांनी मान वळवली आणि मागच्या मातीकडे पाहिलं. पुन्हा आरशाकडे. "आन ह्यो?"

"ह्यो बी त्येच, काकू. पर त्यांनी स्वतःला बगितलं तसं."

"म्हंजी त्याला त्याचं खरं त्वांड कवाच दिसलं न्हाई म्हना."

"कुनालाच दिसत न्हाई," शिल्पकार म्हणाला.

चुलते बाहेर जाऊन उभे राहिले.

पत्नी पुतळ्याजवळच थांबली होती. शिल्पकारानं सांगितलं की ही माती मोडून नवीन चेहरा करावा लागेल. तेव्हा तिनं पहिल्यांदा आवाज चढवला. "मोडू नका. सुट्टीला आले की ते दाढी करायचे आणि मी मागे उभी राहायची. आम्ही आरशातच बोलायचो. बाकी वेळ फोटो. मला हेच माहीत आहेत." मग ती सासूकडे वळली. "आई, तुमचा तुम्ही घ्या. हा मला राहू दे."

आईंनी काचेवरचं बोट काढलं. "घे, पोरी," त्या म्हणाल्या. "तुलाबी एक पायजेच की."

शिल्पकारानं पहिल्या मातीचा साचा घेऊन प्लास्टरचं डोकं ओतलं. मग माती मोडली आणि मूळ फोटोवरून दुसरा चेहरा केला. आईंनी तो पास करायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. प्लास्टरचं डोकं पत्नीनं इस्लामपूरला, माहेरच्या घरी नेलं. शिल्पकार ते पोचवायला गेला होता. तिनं ते ड्रेसिंग टेबलावर, आरशाकडे पाठ करून ठेवून घेतलं, असं त्यानं मला सांगितलं.

आमच्या पान पाचवर तीन ओळींची दुरुस्ती छापली. त्यावर एकही फोन आला नाही.

वर्ष भरायच्या दोन दिवस आधी चौकात पुतळ्याचं अनावरण झालं. पाठीवरून आणलेला जवान काठी टेकत आला होता. त्यानं सॅल्यूट केला आणि मग पुतळ्याच्या डाव्या बाजूला जाऊन, जरा मागे, उभा राहिला. कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. पुतळ्यामागे समितीनं नवा फ्लेक्स लावला होता. छापणाऱ्यानं गेल्या वर्षीचाच फोटो वापरला होता. पुतळ्यावर खूण डाव्या भुवईत होती, फ्लेक्सवर उजव्या.

आमच्या छायाचित्रकारानं संध्याकाळी एक फोटो पाठवला. पुतळ्यासमोर आई, शेजारी पत्नी. पत्नी फ्लेक्सकडे बघते आहे. आईंचा हात पुतळ्याच्या भुवईपर्यंत पोचलेला आहे आणि नजर उजवीकडे वर.

पान तीनवर फोटोची जागा उजव्या कडेला होती. आईंची नजर पानाबाहेर जात होती. फोटो आहे तसा छापला.