अंबाडीच्या डोहातला चिखल

दोरांसाठी अंबाडीची साल सुटावी म्हणून आमच्या गावात तिचे दांडे ओढ्याच्या डोहात कुजत घालायचे. पाणी काळं व्हायचं, वर तेलकट साय धरायची, आणि वास सडक्या अंड्यांचा. मी तिथून नाक दाबूनच जायची. दोन हजार सालानंतर एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, आणि सरांनी नेमका तसलाच चिखल आणायला सांगितला.

"तुला जमायचं न्हाई," वडील म्हणाले. तरी मीच उतरले. पोटऱ्यांपर्यंत रुतले, बोटांना बुळबुळ लागली, आणि बाटल्या भरून काठावर येताच ओकले. साबणानं घासूनही हातांचा वास जाईना. भाकरी मोडताना मळमळायचं.

एका बाटलीत मी शोरा, म्हणजे नत्राचा क्षार, घातला. दुसरीत काहीच नाही. हवा नसलेल्या चिखलात काही जंतू गंधकापासून तो घाणेरडा वायू बनवतात. शोरा मिळाला की दुसरे जंतू हवेऐवजी तो वापरून त्याच वायूवर जगतात. वास मरतो आणि नत्राचे बुडबुडे सुटतात. हे आमच्या चिखलात होतं का, ते बघायचं होतं. आईनं बाटल्या घरात घेऊ दिल्या नाहीत. बुचं घट्ट लावून ओसरीच्या कोनाड्यात ठेवल्या.

काही दिवसांनी तिथंच कनेरगाव नाक्याचे पाहुणे मला बघायला येऊन बसले. पोहे चालले होते, आणि शोऱ्याच्या बाटलीचं बूच फाडकन उडालं. काळा चिखल मुलाच्या मामांच्या धोतरावर आणि बशीत पडला. पिवळ्या पोह्यांवरचा तो गोळा बघून मी तोंड फिरवलं.

"हे काय व्हय?" मामा ओरडले.

"पोरीचा अभ्यास," वडील पुटपुटले.

मामांनी धोतराचा सोगा हुंगला. "वास तर काहीच येऊन न्हाई राहिला!"

मी लाजणं विसरले. "याच्यात शोरा होता, मामा. त्या दुसरीत न्हाई. तिला हात नका लावू."

"काहून?" म्हणत त्यांनी बूच काढलंच.

मुलाची आई तोंडावर पदर दाबून अंगणात पळाली. मुलगा भिंतीला टेकून भडाभडा ओकला. पाहुणे चहा न घेताच उठले, आणि स्थळ मोडलं.

शोऱ्यानं वास मेला हे ऐकून सर मात्र खूश झाले. त्या चिखलावर मी पुढं वर्षभर काम केलं. निष्कर्ष चांगले आले. किळस काही गेली नाही. हातमोजे घालूनही बूच काढताना मी श्वास रोखायची, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तसाच घरी परत न्यायची.