सोनेरी घोड्याची सायकल

आमच्या लग्नात जावई रुसला तो सायकलसाठी. रुसायचा मानच होता, तो कोण सोडतो? आमचे हे अकोल्याकडचे, काळ्या मातीतले शेतकरी, पण सायकल हवी ती विलायतीच, पुढच्या नळीवर सोनेरी घोड्याचा छाप असलेली. इंग्रजांच्या राज्यात आमच्याकडचे रुसवेसुद्धा विलायती!

माझे वडील अमरावतीजवळ भाजी-फुलं पिकवायचे. त्यांनी शहरातल्या दुकानातून तसली सायकल आणली. अस्सल माल आहे, घोडा नातवंडांपर्यंत हलायचा नाही, असं दुकानदाराने त्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. वडिलांनी ते साऱ्या मांडवाला ऐकवलं.

सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत यांनी त्या घोड्यावर फडकं बांधलं ते बांधलंच. मला हातही लावू देईनात. बायकोपेक्षा घोड्याचं कौतुक जास्त, असं मी मनात म्हणायची.

खंडेनवमीला वडील झेंडूची टोपली घेऊन आले. घरात अवजारांची पूजा होती. जावयाच्या सायकलला त्यांना आपल्या हाताने हार घालायचा होता, पण आधी ती धुवायला नको? मळ्यातली कुदळ धुवावी तशी त्यांनी फडकं सोडून ती रिठ्याच्या गरम पाण्याने, काथ्याने खसाखसा घासली. घोडा सगळा त्यांच्या बोटांवर आला.

सासूबाई, नणंदा, सगळ्या अंगणातच होत्या. बापाने नकली माल गळ्यात मारला, हे आता मला जन्मभर ऐकावं लागणार होतं. वडील मान खाली घालून म्हणाले, ही परत नेतो, दुसरी आणतो.

हे आरामात पुढे आले. म्हणाले, "मले तं पयल्याच हप्त्यात समजलं होतं, मामाजी. तुमाले वाईट वाटन म्हून झाकून ठेवलं. मी का छापावर बसतो? चालते झकास. बसा मांगं."

झेंडूचा हार सायकलला, हे पुढे, माझे वडील मागे, अशी गावभर चक्कर झाली. वडील आधी घाबरले, मग मोठमोठ्याने हसायला लागले. मी दारात उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. नवरा मला खरा आवडला तो त्या दिवशी.

परत आले तेव्हा यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, वडिलांनी कमरेला धरलं होतं तिथे, सोनेरी बोटं उमटली होती. किती घासली मी ती! सायकलवरून एका धुण्यात गेलेला तो मेला घोडा सदऱ्यावरून काही निघेना. आणि हे दर दिवाळीला मुद्दाम तोच सदरा घालून माझ्या माहेरी जायचे.